योजावेत की योजील

भाषांतर कक्षात त्यांना सगळे वेलांटीबाई म्हणत, कारण वेलांटी चुकलेला कागद त्यांच्या टेबलावरून कधी पुढे गेला नाही. अशा बाईंच्या हातून सगळ्या नोकरीत एकच चूक झाली, आणि ती वेलांटीची नव्हती, क्रियापदाची होती. मुद्दाम केली नाही, असंही म्हणता येत नाही.

काम आलं होतं तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय कराराचं. देशाची सही होऊन गेली होती. आता कराराचं भाषांतर होणार, त्यावरून विधेयकाचा मसुदा बांधला जाणार आणि मग कायदा. लोकांना वाटतं, कायदे सभागृहात होतात. अहो, अर्धे कायदे तिसऱ्या मजल्यावर डुगडुगत्या टेबलाशीच होऊन जातात.

आठव्या कलमात म्हटलं होतं की, बंद जागेत काम करणाऱ्यांना धुरापासून वाचवण्यासाठी प्रत्येक देश उपाय 'योजील'. बाईंनी लिहिलं, 'योजावेत'. फरक एका शब्दाचा, पण जमीन-अस्मानाचा. 'योजील' म्हणजे करावंच लागेल. 'योजावेत' म्हणजे आपलं सुचवून ठेवलंय, जमलं तर बघा. पाहुण्याला 'ताट वाढलंय' म्हणणं निराळं आणि 'जेवूनच आला असाल' म्हणणं निराळं.

बाईंना हे कळत नव्हतं थोडंच! त्यांची एकुलती एक लेक एका मोठ्या उपाहारगृहात वाढप्यांची प्रमुख होती. काम तिच्या जिवाभावाचं, पण हॉल सदा धुराने भरलेला. दमा तिला लहानपणापासून होता. आता तर चार टेबलं फिरली की ती भिंतीला हात टेकून उभी राही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्षभरात एक तर हा हॉल सोड, नाही तर फुप्फुसांची आशा सोड. त्यावर ती आईला म्हणाली होती, "बारा वर्षं राबलेय मी तिथे. धूर सोडणाऱ्यांनी जायचं की मी?"

ते कलम हातात आलं तेव्हा बाईंच्या डोळ्यांसमोर लेक उभी राहिली. वाटलं, उद्या लोक म्हणतील, घरचं दुखणं सरकारी कागदावर उतरवलं. हात आखडला. सौम्य शब्द लिहून त्या मोकळ्या झाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांना लेकीच्या नजरेला नजर देता येईना.

तपासणीची सही कक्षप्रमुखांची असे. त्यांना सगळे पाठीमागे धुरंधर म्हणत. भाषेतले ते धुरंधर होतेच, शिवाय दिवसाला दोन पाकिटं ओढत, त्यामुळे नाव दोन्ही बाजूंनी बसलं होतं. पण त्यांच्याही नजरेतून तो शब्द निसटला. भाषांतर व्यापार खात्यात पोचलं आणि तिथल्या उपसचिवांना भलतंच आवडलं. मसुद्यात त्यांनी लगेच घालून घेतलं, 'उपाहारगृहांत शक्यतो धूम्रपान टाळावे.'

विधेयक मांडायला तीन दिवस उरले असताना तो मसुदा धुरंधरांच्या नजरेस पडला आणि त्यांनी बाईंना बोलावलं. समोर मूळ करार आणि भाषांतर शेजारी शेजारी ठेवलेलं होतं.

"बाई, हे 'योजावेत' कुठून आलं?"

बाईंनी सगळं सांगून टाकलं. लेकीचा दमा, डॉक्टरांचं बोलणं, लोक काय म्हणतील ही भीती.

"म्हणजे आपल्या पारड्यात बोट नको, म्हणून तुम्ही दुसऱ्या पारड्यात दगड टाकलात," धुरंधर म्हणाले. "तुमची लेक आहे म्हणून तिचा हक्क कमी होतो का?"

"पण साहेब, आता बदललं तर मला जाब विचारतील."

"तुम्हाला कशाला? खाली सही माझी आहे. चूकही माझीच."

खात्यांच्या बैठकीत उपसचिव चांगलेच तापले. "ऐन वेळी शब्द बदलता? आणि तुम्ही? तुम्ही तर चालतंबोलतं धुराडं!"

सगळे हसले. धुरंधरही हसले. "म्हणूनच सांगतो. डॉक्टर म्हणाले टाळावे, बायको म्हणाली टाळावे. तीस वर्षांत मी एकदाही टाळलेलं नाही. आणि माझं सोडा. करार सहा भाषांत आहे आणि सहाही भाषांत हे बंधन आहे. आपल्या भाषेत आलं म्हणून ते ढिलं कसं होईल? सही करताना आपण 'हो' म्हणालो होतो, 'बघू' नाही."

शब्द बदलला, मसुदाही बदलला. धुरंधरांना मात्र निष्काळजीपणाबद्दल लेखी ताकीद मिळाली. निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि तोवर त्यांच्या सेवापुस्तकात असा एकही शेरा नव्हता. बाई आभार मानायला गेल्या, तर त्यांनी त्यांना बसूही दिलं नाही.

दहा महिन्यांनी कायदा लागू झाला. लेकीने तेवढे दिवस कसेबसे काढले आणि हॉल राखला. मग एका संध्याकाळी बाईंनी धुरंधरांना तिथेच जेवायला नेलं. लेकीला यातलं काहीच सांगायचं नाही, या अटीवर ते आले.

जेवण आटोपलं आणि सवयीने त्यांनी सिगारेट ओठांत धरली. लेक तिथल्या तिथे हजर.

"काका, इथे ओढता येणार नाही."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. धुरंधरांचा चेहरा मात्र उजळला. "ओढू नये, असं नाही म्हणालात?"

"नाही. ओढता येणार नाही."

"क्रियापद अगदी बरोबर आहे," असं म्हणत ते उठून बाहेर गेले.

बाई मागोमाग गेल्या. बाहेर थंडी मी म्हणत होती. उघड्या खिडकीतून लेकीचा आवाज येत होता. दहा माणसांच्या टेबलाला ती आजचे सगळे पदार्थ सांगत होती, एका दमात, मध्ये कुठेही न अडखळता.

"साहेब," बाई म्हणाल्या, "हे असं तिचं बोलणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. तुमचे उपकार जन्मात फिटायचे नाहीत."

"उपकार कसले, बाई. जे लिहिलेलं होतं, तेच आपण लिहिलं."

एवढ्यात लेकीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काका, अजून जरा पलीकडे व्हा. धूर आत येतोय."

"हो, हो," म्हणत धुरंधर निमूटपणे रस्त्याच्या पार पलीकडे जाऊन उभे राहिले. बाई डोळे पुसत त्यांच्यासाठी आतून खुर्ची आणायला वळल्या.