गालावरची सावली

आकाराम मास्तरांचा नियम साधा होता: जुन्या उस्तादाचं चित्र जसंच्या तसं उतरवल्याशिवाय जिवंत माणसाचा चेहरा काढायचा नाही. म्हणून त्यांनी ओळखीच्या माईंच्या घरून माईंच्या आईचं तैलचित्र पंधरा दिवसांच्या बोलीवर आणलं होतं. ते मास्तरांच्या गुरूंनी रंगवलेलं. मंगळवार पेठेत मुलींना रंगकाम शिकवणारे मास्तर एकटेच. चित्राला धक्का लागला तर शिकवणी बंद, असं त्यांनी आपली शिष्या मीनाक्षीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

चौदाव्या दुपारी मास्तर जेवायला गेले. मीनाक्षीला आपल्या नकलेत गालावरच्या सावलीचा रंग काही केल्या जुळेना. रंग कालवायच्या सुरीच्या टोकावर घेऊन मूळ चित्राजवळ धरून बघायचा, ही मास्तरांचीच रीत. पण वीतभर लांबून. मीनाक्षीला तेवढा धीर कुठला! तिनं सुरी इतकी जवळ नेली की रंग गालालाच चिकटला. घाबरून तिनं तो टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसला. फडक्याला तिचा रंग आला आणि त्यामागून चित्राचा जुना तपकिरी रंगही निघून आला. गालावर पांढरट डाग पडला.

पळून जावं असं तिला वाटलं. मग तिनं ब्रश उचलला आणि मूळ चित्रातला तो गाल भरून काढला. चौदा दिवस न जमलेली सावली एका दमात जमली. पण तेलरंग तो, वाळायला दोन दिवस तरी हवेत.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मास्तर आले आणि पाठोपाठ माईसुद्धा.

"उद्या आईचं श्राद्ध आहे, चित्र आजच नेते," म्हणत माई सवयीनं आईच्या गालावरून हात फिरवायला पुढं झाल्या.

मास्तर मध्ये आले. त्यांनी गाल निरखला, फडकं पाहिलं, मीनाक्षीकडं पाहिलं.

"हात लावू नगा माई, रंग ओला हाय. माझ्या हातनं गाल बिघडला."

"तुमच्याच गुरूंचं चित्र, मास्तर?" माईंना रडू फुटलं. "तुमच्यावर भरवसा ठेवला हीच माझी चूक."

मास्तर मान खाली घालून उभे राहिले. मीनाक्षीनं तोंड उघडलं, पण शिकवणी जाईल या भीतीनं ते मिटून घेतलं.

माई चित्र घेऊन गेल्या.

"गाल झ्याक जमलाय," मास्तर म्हणाले. "पर तू बोलली न्हाईस, पोरी. उद्यापास्नं येऊ नगंस."