नऊ बावन्नचा मेमो

वाल्मिकने सख्ख्या साडूच्या डोक्यात कुकरचं झाकण घातलं, तेव्हा त्या घरात डाळीच्या तिन्ही शिट्ट्या व्हायच्या होत्या. त्या राहिल्याच. झाकण पोलिसांनी मुद्देमाल म्हणून नेलं आणि गेली पाच वर्षं अनुसया डाळ पातेल्यात शिजवत होती. दर वेळी डाळ कच्ची राहिली की ती नवऱ्याकडे नुसतं बघायची. कोर्टाने निकाल उशिरा दिला, शिक्षा अनुसयेने त्याच दिवसापासून सुरू केली होती.

भांडण पाण्याच्या मोटरीवरून झालं. सुरतेत डिंडोलीच्या रो-हाउसमध्ये वाल्मिक वरच्या मजल्यावर, साडू शालिग्राम खालच्या. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून घर एकत्र घेतलं होतं. बहिणींचं आजही चांगलं आहे. नवऱ्यांनी मात्र कोर्टात चार वर्षं तारखा काढल्या. शेवटी न्यायाधीशांनी वाल्मिकला दोषी ठरवलं, पण तुरुंगात धाडलं नाही. एक वर्ष चांगलं वागायचं, शालिग्रामशी भांडायचं नाही, दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दहाच्या आत प्रोबेशन ऑफिसात सही करायची, असा बॉन्ड लिहून घेतला. शिक्षा किती ते सांगितलंच नाही. वागणं बिघडलं तर बोलावू, तेव्हा येऊन ऐका, म्हणाले.

ही न सांगितलेली शिक्षा वर्षभर वाल्मिकच्या मानगुटीवर बसली होती. बमरोलीच्या कापडाच्या लूमवर मालकाने शिवी दिली तरी तो 'हो शेठ' म्हणायचा. रिक्षावाल्याने पायावरून चाक नेलं तर यानेच सॉरी म्हटलं. मोहल्ल्यात लोक म्हणू लागले, वाल्मिक साधू झाला. साधू रात्री दात खायचा, ते फक्त अनुसयेला माहीत होतं.

शालिग्राम इच्छापोरला एका कारखान्यात कंत्राटी सुपरवायझर. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घ्यायचा आणि घरी येऊन तेच काम फुकट करायचा. वाल्मिक जिन्यात खाकरला, वाल्मिकने कुत्र्याला हाड् केलं, वाल्मिकने खाली बघून हसल्यासारखं केलं, असे अर्ध्या-अर्ध्या मिनिटांचे व्हिडिओ तो प्रोबेशन ऑफिसर नीलाबेन यांना पाठवत असे. नीलाबेन मराठी घरातल्या, पण तीन पिढ्या सुरतेत गेलेल्या. त्या सगळे व्हिडिओ बघत आणि उत्तर एकालाही देत नसत.

बॉन्डची शेवटची हजेरी लागली. वर्ष संपायला सतरा दिवस उरले आणि सासरच्या फॅमिली ग्रुपवर शालिग्रामचा फोटो आला. खाली हात जोडल्याचं चिन्ह.

फोटो ट्रॅफिकच्या ई-मेमोचा, म्हणजे कॅमेऱ्याने पकडून धाडलेल्या दंडाच्या चलनाचा होता. लाल सिग्नल ओलांडून निघालेली मोटरसायकल, पाठमोरा माणूस, डोक्याला काळं हेल्मेट, अंगात पोपटी चौकड्यांचा शर्ट.

मोटरसायकल वाल्मिकची, पण मेमो शालिग्रामच्या मोबाइलवर, हे कसं? तर ही गाडी वाल्मिकने शालिग्रामकडूनच घेतली होती, दोघं एका ताटात जेवत होते त्या काळात. डिंडोलीत गाडी विकत घेणं वेगळं आणि नावावर करून घेणं वेगळं. सही केलेले फॉर्म अनुसयेच्या पेटीत लग्नातल्या शालूखाली ठेवले होते. 'कवा बी करू, घरनीच तर गाडी शे,' असं तेव्हा शालिग्रामच म्हणाला होता. सरकारदरबारी गाडी आजही त्याचीच.

"संपलं," वाल्मिक अनुसयेला म्हणाला. "कायदा मोडला. आता बोलावतील."

"सिग्नलपायी?"

"झाकणापायीच बोलावतील. सिग्नल नुसतं निमित्त."

"मग तेव्हाच झाकण जरा हळू मारायचं होतं," अनुसया म्हणाली आणि पातेल्यातली डाळ ढवळू लागली.

दुसऱ्या दिवशी धुडकूने त्याला हाक मारली. धुडकूचं नाक्यावर झेरॉक्सचं दुकान. फॉर्म भरून देता देता तो अर्धा वकील झाला होता, आणि उरलेला अर्धा व्हायची त्याला गरज वाटत नव्हती.

"मेमो पाहिला तुझा," धुडकू म्हणाला. "काल तुझ्या साडूने रंगीत प्रिंट काढून लॅमिनेशन करून नेलं."

"मेमोचं लॅमिनेशन?"

"म्हणाला, ठेवणीतली चीज आहे. बरं ते सोड. फोटोत तोंड दिसतं का तुझं? नाही. गाडी कोणाच्या नावावर? त्याच्या. शर्ट कोणाचा?"

वाल्मिक थांबला. शर्ट दोघांचा होता. मेहुण्याच्या, नितीनच्या लग्नात सासू इंदुबाईने दोन्ही जावयांना एकाच ताग्यातून शर्टपीस फाडून दिले होते. आधीच्या लग्नात एकाच्या कापडाला जास्त चकाकी निघाली म्हणून दुसरा जेवला नव्हता. तेव्हापासून इंदुबाई आहेर ताग्यानेच घेत असे. सुरतेत राहून एवढी सोय करता आली नाही तर राहायचं कशाला?

"मॅडमला सांग, हा मी नव्हेच, ज्याच्या नावावर गाडी तोच बसला असेल," धुडकू म्हणाला. "घालू दे त्याला लॅमिनेशन चुलीत."

"तुझे किती झाले?"

"घरच्या माणसाकडून पैसे घेऊ का?"

इथेच वाल्मिकला शंका यायला हवी होती. धुडकूने स्वतःच्या भावाकडूनही मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्सचे पैसे घेतले होते. पण पाच वर्षांत पहिल्यांदा शालिग्रामला अडकवायची संधी समोर आली होती, आणि तीही हात न उचलता. वाल्मिकला त्या रात्री गाढ झोप लागली. दातही वाजले नाहीत.

मेमोचा फोटो शालिग्रामने नीलाबेननाही पाठवला होता. शुक्रवारी त्यांनी दोघांना बोलावलं. बाहेरच्या बाकावर दोघं दोन टोकांना बसले, मधे तीन माणसं मावतील एवढी जागा सोडून. तिसरं कोणी आलं तरी तिथे बसलं नाही.

"कपडे आण सोबत," शालिग्राम समोरच्या भिंतीला म्हणाला. "आत पांघरूण पातळ देतात."

 वाल्मिकने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

आत गेल्यावर शालिग्रामने लॅमिनेट केलेला मेमो टेबलावर ठेवला, आमंत्रणपत्रिका ठेवावी तसा. "मॅडम, चांगली वर्तणूक बघा. सरकारने स्वतः फोटो काढलाय, मी नाही."

"वाल्मिकभाई," नीलाबेन म्हणाल्या, "कोण आहे हा?"

वाल्मिकने उत्तर तीन वेळा घोकलं होतं, एकदा लूमच्या खडखडाटात मोठ्याने. त्याने घसा साफ केला. "मॅडम, हा तर शालिग्राम…"

आणि त्याची नजर मेमोवर पडली. मोबाइलवर त्याने फक्त शर्ट पाहिला होता. इथे प्लास्टिकखाली बाकीचंही चकचकत होतं. तारीख, पहिल्या मंगळवारची. चौक, याच ऑफिसच्या अलीकडचा. वेळ, नऊ बावन्न. शेजारी नीलाबेनचं हजेरीचं रजिस्टर उघडं होतं आणि त्या मंगळवारपुढे वाल्मिकची सही होती, दहाला एक मिनिट कमी. त्या दिवशी उधना दरवाज्याला गाड्या तुंबल्या होत्या, दहा वाजले की नीलाबेन गैरहजेरी मांडायच्या, आणि चांगल्या वर्तणुकीची सही चुकू नये म्हणून त्याने सिग्नल तोडला होता. हे तो स्वतःच विसरला होता.

 शालिग्राम पुढे वाकला होता. भूक लागलेल्या माणसाने ताटाकडे बघावं तसं वाल्मिकच्या तोंडाकडे बघत होता.

"…शालिग्रामभाऊंच्या नावावर असलेल्या गाडीवर," वाल्मिकने वाक्य कसंबसं ओढत नेलं, "बसलेला मी आहे. सिग्नल मी तोडला."

"असं कसं?" शालिग्राम एकदम म्हणाला. "नीट बघ ना. तोंड कुठे दिसतंय? असा शर्ट माझ्याकडेपण आहे."

नीलाबेननी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "शालिग्रामभाई, तुम्ही तक्रार करायला आलात की त्याला वाचवायला?"

"नाही, म्हणजे… धुडकू तर म्हणाला होता की हा…" आणि शालिग्रामचं तोंड उघडं राहिलं, पण आवाज आत परत गेला.

वाल्मिकच्या डोक्यात सगळं जागेवर बसलं. फुकटचा सल्ला फुकट नव्हता. त्याची किंमत शालिग्रामने आधीच मोजली होती.

नीलाबेननी मेमो उचलला, रजिस्टरशेजारी धरला आणि वेळ वाचली. "म्हणजे माझ्याकडे वेळेवर यायला सिग्नल तोडलात." त्या हसल्या नाहीत. "पाच मिनिटं उशिरा आला असता तर मी रागावले असते. उद्या कोणाला उडवलं असतं तर मी काय लिहिणार होते? दंड भरायचा आणि पावती सोमवारी इथे. एका मेमोसाठी कोर्टात कोणी धाडत नाही. पण आत्ता माझ्यासमोर खोटं बोलला असता, तर ते लिहावंच लागलं असतं. मग पुढचं माझ्या हातात राहिलं नसतं."

"हो मॅडम."

"आणि तुम्ही, शालिग्रामभाई. गाडी तुमच्या नावावर, म्हणजे दंड भरला नाही तर समन्स तुमच्या दारात. सहा वर्षं ती नावावर करून दिली नाहीत. दोघांनी आरटीओत एकत्र जायचं. मला एका फोटोत दोघं पाहिजेत. तुम्हाला व्हिडिओ काढायची आवड आहेच."

जिना उतरताना शालिग्राम मागून बोलत होता. अजून चौदा दिवस आहेत, म्हणाला. तुझा बाप असाच होता, म्हणाला. मग अनुसयेबद्दल काहीतरी म्हणाला. वाल्मिकच्या उजव्या हाताला कुकरच्या झाकणाचा भार जसाच्या तसा आठवला.

त्याने गाडीवरचं हेल्मेट उचललं, डोक्यात घातलं, पट्टा लावला आणि काळी काच खाली ओढली.

त्याच चौकात सिग्नल लाल होता. वाल्मिक रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याच्या हातभर अलीकडे थांबला. शेजारी शेअर रिक्षा येऊन उभी राहिली आणि तिच्यातून शालिग्रामने मान बाहेर काढली. "काय साडूभाऊ, आज थांबला? घाबरला ना? बोल की काहीतरी. बोल." त्याचा मोबाइल चालू होता.

वाल्मिकने हेल्मेट सावकाश त्याच्याकडे वळवलं. आत, बंद काचेआड, तो अहिराणीतलं त्याला येत होतं नव्हतं ते सगळं बोलला. बापापासून सुरुवात केली, आजोबांकडे गेला, वाटेत एकाही नातेवाइकाला सोडलं नाही. सिग्नल नव्वद सेकंदांचा होता आणि त्याला तो पहिल्यांदाच कमी पडला. बाहेर एक अक्षर ऐकू आलं नाही. व्हिडिओत फक्त एक शिस्तीचा माणूस हेल्मेट घालून, हात हँडलवर ठेवून, मान डोलावताना दिसत होता.

संध्याकाळी नीलाबेनकडे तोही व्हिडिओ पोचला. पहिल्यांदाच त्यांनी उत्तर दिलं: 'वर्तणूक चांगली आहे. असंच चालू ठेवायला सांगा.'