कन्यादानाला कोण बसणार

लग्न ठरलं त्या दिवसापासून लंकाबाईच्या पायाला भिंगरी लागली होती. पोरीला, ज्ञानेश्वरीला, स्थळ चांगलं मिळालं होतं. नवरा मुलगा पार्थ सुप्याच्या कारखान्यात कामाला, माणसं साधी, मागणं काही नाही. मांडव, आचारी, बस्ता, सगळं मार्गी लागलं आणि गाडं अडलं ते गुरुजींवर. आता श्रीगोंदा तालुक्यात गुरुजींचा काही दुष्काळ पडलेला नाही. पण लंकाबाईला हवा होता तिला पाटावर बसवणारा गुरुजी, आणि तसा एकही सापडत नव्हता.

तिचा नवरा छगन गेला तेव्हा ज्ञानेश्वरी पाळण्यात होती. कन्यादानाला जोडपं लागतं, विधवा बाई चालत नाही. तेव्हा धाकटा दीर बन्सी आणि त्याची बायको बायडाबाई बसणार, हे घरात कुणी तोंडानं न बोलताच ठरून गेलं होतं. लंकाबाईनंही आजवर मान खाली घालूनच दिवस काढले होते. भावकीतल्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली की ती आपसूक आचाऱ्याच्या चुलवणाकडे सरकायची, भाताची पातेली उतरवायला हात लावायची. तिथवर अक्षता घेऊन कोण येतंय. पण ही तिची स्वतःची पोर होती. हिच्याही लग्नात आपण धुरातच उभं राहायचं, या विचारानं तिच्या घशाखाली घास उतरेना.

"भावजी, गाडी काढा," ती बन्सीला म्हणाली. "गुरुजी बघायला जायाचंय. मला बसवून घेनारा."

आता बघा, ज्याचा पाट काढून घ्यायचा त्याच्याच मोटारसायकलवर बसून ही बाई निघाली. बन्सीनं का कू केलं नाही. फडक्यानं सीट पुसलं आणि किक मारली.

आधी घरचे हेमचंद्र गुरुजी. ते दुसऱ्या गावच्या लग्नाला निघायच्या घाईत होते.

"लंकाबाई, तुमचं म्हणणं मला कळतं. पण जोडपं लागतं."

"आमच्या आळीतला गोरक्षनाथ बसला हुता की पोरीच्या लग्नात. त्याची बायको कवाच गेली. तुमीच हुता गुरुजी."

"त्याच्या कमरेला सुपारी लावली होती, बायकोच्या जागी."

"मंग माझ्याबी कमरेला लावा, नवऱ्याच्या जागी."

गुरुजींना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. "पुरुषाला चालतं. बाईला तशी रीत नाही."

"सुपारीला कुठं कळतं गुरुजी, बाप्याच्या कमरेला हाय का बाईच्या?"

गुरुजींनी बॅग उचलली. बन्सी दाराबाहेर चपलेनं माती उकरत उभा होता. वहिनी बाहेर आल्या तसं त्यानं न विचारताच गाडी पुढच्या गावाकडे वळवली.

मग रोजचीच वणवण सुरू झाली. एका गुरुजींना ती तारीख रिकामी नव्हती. दुसरे म्हणाले, भावकीतल्या चार मोठ्या माणसांना घेऊन या, मग बघू. तिसऱ्यांनी फोनवर हो म्हटलं आणि संध्याकाळी कुणीतरी कान फुंकल्यावर नाही म्हटलं. लग्न जवळ येत चाललं तसं लंकाबाईचं चित्त थाऱ्यावर राहीना. जेवता जेवता उठायची, झोपेत कूस बदलत बडबडायची. एकदा तर धार काढून झालेल्या म्हशीखाली पुन्हा बादली घेऊन बसली, तेव्हा म्हशीनंच लाथ झाडून तिला शुद्धीवर आणलं.

शेवटी ज्ञानेश्वरीनंच मोबाईलवर शोधून नगरच्या नीलांबरीबाईंचं नाव काढलं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, आता लग्नं लावायच्या. बन्सीनं वहिनीला नगरला नेलं.

लंकाबाई भांडायच्या तयारीनंच गेली होती. तिचं म्हणणं निम्मं झालं नाही तोच नीलांबरीबाई म्हणाल्या, "तुम्ही आई आहात ना? मग बसायचं. सुपारी लावायची असेल तर तीही लावू. घरात कुणाची हरकत नाही ना?"

"हरकत असती तर भावजींनी मला हितवर आनलं असतं व्हय?"

बन्सीनं मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, हे बघायला लंकाबाईला सवड कुठं होती. ती आनंदानं बोलायचीच थांबेना.

परतताना दोघं रस्त्याकडेच्या टपरीवर चहाला थांबली. बन्सीनं चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

"वहिनी, एक इचारू? मंग आमी दोघांनी कुठं उभं ऱ्हायाचं?"

लंकाबाईच्या हातातला कप तिथंच थांबला. बन्सी-बायडाबाईला मूलबाळ नव्हतं. पोरगी म्हणून काय ती ज्ञानेश्वरीच. तिला सायकलवर पुढं बसवून शाळेत सोडणारा बन्सी, तिच्या वेण्या घालणारी बायडाबाई. कन्यादानाचा पाट त्यांच्या नशिबात एकदाच येणार होता, आणि तो हिसकावून घ्यायला तिनं त्यालाच गावोगाव पळवलं होतं.

"बायडीनं लुगडं आनून ठिवलंय," बन्सी म्हणाला. "तिला आजून सांगितलं न्हाई."

"मंग तवाच का न्हाई बोललात?"

"तुमचा हक हाय. हकाला आडवं कसं यायाचं."

लंकाबाईला त्याचा रागच आला. हा भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाऱ्याशी दोन हात करता येतात.

लग्नाच्या दिवशी लंकाबाई पाटावर बसली. भावकीतल्या बाया पदराआडून कुजबुजल्या, पण नीलांबरीबाईंचा आवाज खणखणीत होता. पोरीचा हात पार्थच्या हातात आला. त्याखाली आईनं हात धरायचा आणि वरून पाण्याची धार सोडायची. लंकाबाईनं मान वर केली. मांडवाच्या पार कडेच्या खांबाशी, आचाऱ्याच्या वाटेवर, फेटा बांधलेला बन्सी आणि नव्या लुगड्यातली बायडाबाई उभी होती. ती जागा लंकाबाईला चांगली ठाऊक होती.

"बाई, जरा थांबा," ती म्हणाली.

"बघा, आली का रीतीवर," मागून कुणीतरी म्हणालं.

"भावजी, या हिकडं. बायडे, तूबी ये, धार तू सोड."

बन्सीनं मान हलवली. या खेपेला ती नाही म्हणूनच होती.

"उन्हातान्हाचं मला गावोगाव हिंडवलंत, आन् आता एवढं चालून येवंना व्हय तुमाला?"

"या, जागा आहे," नीलांबरीबाई म्हणाल्या आणि स्वतः बाजूला सरकल्या.

बन्सी आला. पाटावर नाही बसला, मागं उकिडवा बसला आणि लंकाबाईच्या हाताखाली त्यानं आपला हात धरला. बायडाबाईनं धार सोडली. पाणी सगळ्यांच्या बोटांतून खाली परातीत गेलं.

"आता हात सोडा," नीलांबरीबाई म्हणाल्या.

आई आता हंबरडा फोडणार म्हणून सगळा मांडव लंकाबाईकडे बघत होता. तिनं हात काढून घेतला. बन्सीचा हात मात्र पोरीच्या हाताशी जाऊन तिथंच राहिला.

"भावजी, सोडा आता," लंकाबाई हळूच म्हणाली.

"व्हय, सोडतो," बन्सी म्हणाला आणि धरूनच राहिला.