गिळलेला खोकला

दुन्याचा खोकला कमी झाला आणि स्लावित्साच्या जिवात जीव आला. अकरा वर्षं रोज दोन वेळा लेकीची छाती-पाठ थोपटून बाई मेटाकुटीला आली होती. पोरीच्या फुप्फुसांत जन्मापासून चिकट कफ साचायचा. तो खोकूनच काढायचा, दुसरा इलाज नाही. आता खोकला नाही म्हणजे कफच संपला, असं तिने आपलं ठरवून टाकलं आणि चर्चमध्ये मेणबत्तीही लावून आली. माणूस दमलं की सोयीचं तेच खरं धरतं!

मग खोली तापवणाऱ्या रेडिएटरमागे गुपचूप वाळत घातलेल्या दुन्याच्या तीन चड्ड्या सापडल्या.

"बघ!" सासू पेर्सिदा कडाडली. "शाळेत गार सिमेंटवर बसते ही भवानी. ओटीपोटात गारठा शिरलाय!" तिने कडू पाल्याचा काढा उकळला, लोकरीची चड्डी विणायला घेतली. स्लावित्सालाही वाटलं, उन्हाळी लागली असेल.

पण इस्पितळात लघवीचा रिपोर्ट अगदी स्वच्छ आला. फुप्फुसांचा जोर मोजणाऱ्या, फुंकायच्या यंत्रावरचा आकडा मात्र ऐंशीवरून सहासष्टवर घसरला होता.

"असं कसं? खोकला तर कमी झालाय!" स्लावित्सा जवळजवळ ओरडलीच.

डॉक्टरीणबाई दुन्याकडे वळल्या. "खोकताना लघवी होते का गं?"

पोरगी बुटांकडे बघत पुटपुटली. "वर्गात खोकले की होते. मागच्या बाकावरचा ओग्न्येन म्हणतो, वास येतो. म्हणून मी खोकला गिळते. पाणीपण पीत नाही."

"या आजारात पुष्कळ मुलींना होतं. खोकून खोकून खालचे स्नायू थकतात. ते आवळायला आम्ही शिकवू. पण खोकला दाबायचा नाही, आणि पाणी भरपूर प्यायचं."

स्लावित्साला त्या मेणबत्तीची लाज वाटली.

संध्याकाळी टॉवेल अंथरला, थोपटून झालं. छातीत घरघर चालली होती, तरी दुन्या ओठ घट्ट मिटून बसली. "नको. आजीसमोर नको."

"अगं, मलाही होतं. तू झालीस तेव्हापासून. बसमध्ये शिंक आली की पाय आवळून उभी राहते मी."

दुन्याने आजीकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" पेर्सिदाने सुया बाजूला ठेवल्या. "लग्नांत नाचायचं सोडलं ते काय गुडघ्यांमुळे? लोकांना आपलं गुडघे सांगते!"

दुन्याला फस्सकन हसू फुटलं. हसण्याचा खोकला झाला, खोल, ओला, थांबता थांबेना. टॉवेल भिजला. स्लावित्साचे खांदे भरून आले होते, आणि डोळेही. जो आवाज बंद झाला म्हणून तिने मेणबत्ती लावली होती, तोच ऐकत ती म्हणत होती, "अजून, बाळा. अजून एक."