बांध कोणी फोडला?

पूर ओसरल्यावर झुंबरबाई शेतात गेली. बोंडांवर आलेली कपाशी आडवी झाली होती, वरची माती खरवडून गेली होती. ओढ्याकडच्या बांधाला मोठं खिंडार पडलं होतं. ती वाकून बघत राहिली. खिंडाराच्या एका कडेला कुदळीचे घाव दिसत होते.

"गोरक्षा, हे पान्याचं काम न्हाई. मानसाचं हाय."

"पूर हुता आई. काय सांगता येतंय?" गोरक्षनाथ तिच्याकडे न बघताच बोलला.

ओढ्यापलीकडे मेहताब शेखची वस्ती होती. तिचं शेत गेलं आणि त्याचं घर मात्र वाचलं, हे तिच्या डोक्यातून जाईना. त्याची बायको अंजुम दिसली की नजर चुकवायची. त्यात मेहताबने तिच्या म्हशीसाठी चाऱ्याच्या पेंढ्या पाठवल्या. झुंबरबाईने त्या तशाच परत धाडल्या. काही केल्याशिवाय कोण एवढं गोड वागतं?

शेवटी पारावर चारचौघांत तिने त्याला गाठलं. "बांध कोनी फोडला ते सांग, न्हाईतर मी पोलिसात जाते."

मेहताब खाली बघत म्हणाला, "मीच फोडला, मावशी. द्या फिर्याद."

"तू?" शेजारचे गहिनीनाथ चमकले. "तू तर पूर आला तवा पाथर्डीत अडकला हुतास. मी संगतीला नव्हतो व्हय? पूल पान्याखाली हुता."

मग मागून गोरक्षनाथ पुढे आला.

"त्यो खोटं बोलतोय. मी फोडला. अंजुमभाभी लेकरं घेऊन पत्र्यावर चढल्या हुत्या. पानी चढतच हुतं. आपल्या रानात सोडलं, तवा तिकडं उतरलं. कुनाला सांगू नका, अशी शपथ मीच त्यास्नी घातली हुती."

"अन् मलाबी न्हाई सांगायचं?" झुंबरबाईने विचारलं.

"तू म्हनली असतीस, आधी आपलं रान."

आपण तसंच म्हणालो असतो, हे झुंबरबाईला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती ओढा ओलांडून मेहताबच्या दारात उभी राहिली. "पानी कुठवर हुतं?" तिने विचारलं. अंजुमने टाचा उचलून भिंतीवर हात ठेवला, तरी ओलीची रेघ हाताच्या वरच राहिली.

झुंबरबाईने मान वर करून त्या रेघेकडे बघितलं. मग म्हणाली, "चाऱ्याच्या पेंढ्या अजून हायेत का? म्हस उपाशी हाय."

गोरक्षनाथशी मात्र ती त्या दिवशीही बोलली नाही. रान गेलं याचा राग होताच. पण पोटच्या पोराने आपल्याला असं ओळखावं, हे तिला जास्त लागलं होतं.