एकट्या भिंगाचा भरवसा

जर्मनीतल्या येना शहरातल्या भिंगांच्या कारखान्यात गोटहोल्डची उभी हयात गेली. कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये चार भिंगांच्या टेसारपुढे तो कुणालाच मोजत नसे. बायको इर्मट्राउट तिथेच काचा चिकटवायची. तिचा जीव सहा भिंगांच्या बायोटारवर. रविवारी कॉफीला बसले की दोघांची जुंपायची.

"सहा काचा कोंबायच्या आणि फोटोतली मागची झाडं गरगर फिरवायची," तो म्हणायचा.

"आणि तुझ्या चार काचांना दिवेलागणीला दिसेनासं होतं," ती.

हे भांडण तिला फार आवडायचं. पण गोटहोल्डच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, डावाही त्याच वाटेवर लागला, आणि वादातली गंमत गेली. डॉक्टर नवं भिंग बसवणार म्हणताच गडी अडून बसला.

"एकच भिंग बसवणार म्हणे. एकट्या भिंगाने कधी धड चित्र दिलंय?"

"देवानेही एकच दिलं होतं."

"बघ, कसं बिघडलं ते."

तो घाबरलाय, हे इर्मट्राउटला कळत होतं. सकाळीच कप नीट न दिसल्याने त्याने कॉफी बशीत ओतली होती. तिला रडू आलं होतं.

नाताळआधीच्या त्या आगमन-रविवारी तिने पडदे ओढले आणि टेबलावरची मेणबत्ती उचलली. अनोळखी भिंग हाती आलं की ते दिव्यापुढे धरून आतली प्रतिबिंबं मोजायची, ही कारखान्याची रीत. डोळ्याचंही तसंच असतं, हे तिला डॉक्टरने सांगितलं होतं. निरोगी डोळ्यात तीन ज्योती दिसतात, तिसरी उलटी.

"हलू नकोस," ती म्हणाली.

"किती दिसतात?"

"डाव्यात तीन, शेवटची फिकट. उजव्यात दोनच."

 उजव्यातल्या भिंगाच्या मागच्या बाजूपर्यंत उजेड पोचत नाही, हे त्याला वेगळं सांगायला नको होतं.

"असं भिंग तुझ्या टेबलावर आलं असतं, तर काय केलं असतंस?"

"परत पाठवलं असतं." मग त्याने हात पुढे केला. "दे इकडे. तुझे मोजतो."

त्याने मेणबत्ती तिच्या चेहऱ्याजवळ नेली, इतकी जवळ की तिला गालावर धग लागली.

"इर्मी, एकही नाही."

"ज्योत दिसत नाही?"

"ज्योत दिसते. तू दिसत नाहीस."

तिने मेणबत्ती काढून घेतली आणि त्याचा हात हातात धरला. 

"उद्या डॉक्टरला फोन कर," तो म्हणाला. "बसवू दे त्याला काय बसवायचं ते. मला तुझं तोंड बघायचंय."