सायकलवाटेवरच्या दगडाची साक्ष

मी दगड बोलतोय. दगडाने बोलू नये असा संकेत आहे आणि आजवर मी तो पाळला. पण या टेकडीवरच्या सायकलवाटेबद्दल जो तो बोलतो. तेव्हा त्या वाटेच्या मधोमध बसलेल्याने चार शब्द सांगायला हरकत नसावी.

जन्माचे मला फारसे आठवत नाही. तापलो, निवलो आणि बसलो, एवढेच. पुढचा सगळा काळ बसण्यात गेला. सरडे अंगावर ऊन खायला येत. एखादी शेळी माथ्यावर चढून चारी दिशांना पाही आणि ही टेकडी आपल्यासाठीच केलेली आहे याची खात्री पटली की उतरे. माणसांशी माझा संबंध नव्हता. त्यांच्या बोलण्यात मात्र माझे नाव नेहमी असते, हे पुढे कळले. डोक्यात दगड भरलेत, काळजाचा दगड झाला, दगडापेक्षा वीट मऊ. यातले विटेचे मला आजही लागते.

मग एका रविवारी सकाळी कुदळी, फावडी आणि घमेली घेऊन माणसे आली. पुढे होत्या डॉक्टरीणबाई. दातांच्या डॉक्टर, पन्नाशीच्या, बोलणे कमी. टेकडीवर सायकलवाट काढायची परवानगी त्यांनी वन खात्यात खेटे घालून मिळवली होती. त्यांच्यामागे त्यांचे दीर, ज्यांची सायकल त्यांच्या बोलण्याइतकीच भारी होती. मग सायकलच्या दुकानातला फिटर, आणि शेवटी बेकरीवाला, जो पहाटेची भट्टी उरकून यायचा आणि फावड्यावर हनुवटी टेकून उभ्याउभ्या झोपायचा.

बाईंची वाट काढायची एक रीत होती. खणलेल्या तुकड्यावर त्या कॅनमधून पाणी ओतत आणि ते कुठे जाते ते वाकून बघत. पाणी वाटेच्या बाहेरच्या कडेवरून खाली सांडले की पुढे. वाटेवरूनच चालू लागले की पुन्हा खणायचे.

"पाणी वाटेने चालायला लागलं की वाट त्याची होते," त्या म्हणत. "आपली राहत नाही."

असे करत करत ती मंडळी माझ्यापाशी आली. बाईंनी हातोडीने मला टकटक केले, कान लावला, आणि रुग्णाला सांगावे तसे म्हणाल्या, "मूळ खोल आहे."

"भूल देऊन बघा, मॅडम," फिटर म्हणाला.

अर्धा दिवस त्यांनी मला उपटायचा प्रयत्न केला. पहार वाकली. बेकरीवाला जागा झाला. शेवटी सगळे माझ्यावरच बसून डबे खायला लागले, तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, काढायचाच कशाला? अशा दगडाला टेक्निकल फीचर म्हणतात. त्यावरून सायकल नेण्यात खरं कसब. लोक मुद्दाम आणून बसवतात."

अशा रीतीने जो निघत नव्हता तो मुद्दाम ठेवलेला ठरला. कचेऱ्यांमधून माणसांच्या बाबतीतही असेच होते म्हणतात. फिटरने माझ्याशेजारी पाटी रोवली: 'कसोटी'. एका दुपारी मी अडगळीतून पदावर आलो.

वाट खुली झाली आणि सायकलस्वार लोटले. काय ती वळणे, काय तो उतार, काय बाईंची दृष्टी. माझे कौतुक तर विचारू नका. ते मी ऐकत असे तेव्हा बोलणारा सायकल हातात धरून माझ्या कडेने चाललेला असे.

कारण माझ्यासमोर आले की प्रत्येकाला काहीतरी होई. कोणाची चेन आवाज करू लागे, कोणाला फोन आल्यासारखे वाटे. जितक्या टायरांची हवा माझ्यासमोर दाबून पाहिली गेली, तितक्यांची फिटरच्या दुकानातही पाहिली गेली नसेल. मग मागे कोणी नाही ना ते बघायचे, आणि हट्टी शेळी घरी न्यावी तशी सायकल हँडलला धरून मला वळसा घालायचा. परतताना तीच मंडळी सायकली ढकलत वर येत आणि एकमेकांना विचारत, "कसोटी झाली?"

"झाली की. हँडल हलकं सोडायचं, बस."

दीर तर नवख्यांना शिकवीत. "नजर दगडावर ठेवायची नाही. पुढे ठेवायची." त्यांनी स्वतः ती इतकी पुढे ठेवली होती की मी त्यांना कधी दिसलोच नाही.

मी कठीण आहे, असे कोणी मोकळेपणाने का म्हणेना? त्याला बाईंचा एक नियम कारण होता. जो वाटेबद्दल तक्रार करील, त्याने पुढच्या रविवारी कुदळ घेऊन यायचे. हा नियम झाल्यापासून वाटेत कोणाला काही खोट दिसली नाही.

बाई मात्र आडवारी, दवाखाना बंद करून संध्याकाळी एकट्या येत. पॅडल मारत वेगाने येत, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर ब्रेक दाबत. पाय टेकत. पुन्हा मागे जात, पुन्हा येत, पुन्हा ब्रेक. त्यांनी चेन कधी तपासली नाही. मुकाट्याने उतरत आणि वळसा घालून जात.

त्या वळशाने घात केला. इतके पाय आणि चाके गेल्यावर माझ्या बाजूला एक घसरडी चर पडली. बाईंनी कडेवरून सांडायला शिकवलेले पाणी आता वळवाच्या सरीतही त्या चरीतून धावू लागले आणि जाताना टेकडीची माती घेऊन जाऊ लागले. एक दिवस वनरक्षक आला. त्याने चर पाहिली, माझ्यावर टेकून बूट झटकला आणि बाईंना म्हणाला, "खाली पाणवठ्यात गाळ साचतोय. पावसाळ्याआधी हे थांबलं पाहिजे, मॅडम. नाहीतर मला सगळी वाटच बंद करावी लागेल. माझा नाइलाज आहे."

रविवारी बाईंनी सगळ्यांना माझ्यापाशी बोलावले. वनरक्षकही आला.

"ही बाजूची वाट कोण वापरतं?" बाईंनी विचारले.

सगळ्यांनी चरीकडे असे पाहिले, जणू काही ती आत्ताच पडली आहे.

"शेळ्या असतील," बेकरीवाला म्हणाला.

वनरक्षक खाली वाकला. "या खुणा टायरच्या आहेत."

"हल्ली शेळ्यांचं काही सांगता येत नाही," फिटर म्हणाला.

"बाहेरगावची पोरं असणार," दीर म्हणाले. "आपल्यातलं कोण कशाला जाईल?"

"मग सोपं झालं," वनरक्षक म्हणाला. "काटे टाकून बंद करा. तुमच्यातल्या कोणाचं काही अडत नाही."

यावर कोणी हलले नाही. मी पाहत होतो आणि बाईही पाहत होत्या. काटे टाकले असते तर ही मंडळी वरच्या अंगाने नवी चर पाडणार, हे आम्हा दोघांनाही कळत होते. खरा उपाय एकच होता. शेजारी नीट उताराची, पाणी सांडणारी दुसरी वाट बांधायची. पण ती मागायची म्हणजे कोणीतरी म्हणायला हवे होते की मला ती लागते.

बाईंनी हेल्मेट काढले. "मी वापरते. पहिल्या दिवसापासून. या दगडावरून मी एकदाही गेलेले नाही. भीती वाटते."

वाऱ्याने पाटी जरा हलली. मग माणसांच्या चेहऱ्यांवर सुटल्याचा आनंद पसरला, आणि त्याने लगेच दयेचे कपडे घातले.

"अहो वहिनी, आधी सांगायचं नाही का?" दीर म्हणाले. "तुमच्यासाठी करू की एक सोपी वाट. त्यात लाजायचं काय? वय आहे."

"मॅडमसाठी एवढं तर केलंच पाहिजे," बेकरीवाला म्हणाला. त्याच्या बुटांना त्याच चरीतली ओली माती होती. वनरक्षकाने ती पाहिली आणि आकाशाकडे बघितले.

"पण नियमाप्रमाणे कुदळ मॅडमकडे," फिटर हसत म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कुदळ उचलली.

नवी वाट त्यांनी खणली. इतर लोक मॅडमना मदत म्हणून येत आणि बहुतेक वेळ सल्ला देत. चर बुजली, कॅनमधले पाणी कडेवरून सांडले, वनरक्षकाने होकार दिला. टेकडीवरची वाट वाचली. फिटरने 'सोपी वाट' अशी पाटी लावली आणि तिच्यावर कोणी पाऊल ठेवीना. मग त्याने ती काढून 'दृश्य वाट' अशी लावली. तेव्हापासून झाडून सगळे तिकडूनच जातात. दृश्य म्हणजे पाणवठा, त्यात एक म्हैस, आणि विजेचा खांब.

माझ्याकडे सरडे परत आले.

परवा संध्याकाळी बाई आल्या. नेहमीसारख्या एकट्या. मी ब्रेकच्या आवाजाची वाट पाहत होतो. तो आला नाही. पुढचे चाक उचलले गेले, माझ्या माथ्यावर बसले, मागचे माझ्या कपाळावर आपटले, घासले, आणि त्या पलीकडे होत्या. थोड्या पुढे जाऊन थांबल्या. वर पाहिले, खाली पाहिले. टेकडीवर कोणी नव्हते, सरडासुद्धा पळाला होता. त्या सायकल आडवी टाकून माझ्याजवळ आल्या, माझ्यावर तळवा ठेवला, आणि म्हणाल्या, "झालं."

आज रविवार. त्यांनी सगळ्यांना सांगितले, "परवा मी कसोटीवरून गेले."

"अरे वा, वहिनी," दीर म्हणाले. हे अगदी त्याच सुरात, ज्या सुरात ही मंडळी वर्षभर एकमेकांच्या कसोटीला दाद देत आली आहेत.

"हँडल हलकं सोडलंत ना?" बेकरीवाल्याने विचारले.

"हो."

"तेच तर." आणि सगळे दृश्य बघायला गेले.

बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले. खरे बोलणाऱ्याजवळ दुसरे शब्द नसतात. असते तेच वाक्य, जे खोटे बोलणाऱ्यांनी आधीच वापरून झिजवले आहे.

म्हणून मी संकेत मोडला. मी आता निवृत्त आहे, पाटी तिरकी झाली आहे, एका बाजूने शेवाळ चढते आहे. पण माझ्या कपाळावर टायरच्या रबराची एक काळी रेघ आहे. एकच. दुसरी शोधूनही सापडणार नाही. पावसात ती धुऊन जाईल, म्हणून ज्यांना शंका असेल त्यांनी त्याआधी येऊन पाहावी. सायकल हातात धरून आलात तरी चालेल. तुमचे मी कोणाला सांगणार नाही. आजवर कोणाचे सांगितलेले नाही. बाईंचे तेवढे सांगायचे होते.